कुत्र्याला कामाला लावायचंय (चित्रात!) : नाशिककरांनो, कल्पना सुचवा

गोदाकाठची
मंडळी, आमच्याकडे ब्रुनो नावाचा लॅब्राडोर आहे. वय सात, वजन विचारू नका. बाबा लवकरच नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त होतायत. घड्याळ, चांदीचा गणपती, शाल-श्रीफळ यातलं काही द्यायचं नाही, असं आम्हा भावंडांचं ठरलंय. ब्रुनोचं विनोदी चित्र काढून घ्यायचं. म्हणजे कुत्रा माणसासारखं काहीतरी रोजचं काम करतोय. पेपर वाचतोय, भाजी निवडतोय, लाइटबिल भरायला रांगेत उभा आहे, असलं काही.

गाडी कल्पनेवर अडलीय. भाऊ म्हणतो, सोफ्यावर रिमोट घेऊन क्रिकेट बघताना. वहिनी म्हणते, पोळ्या लाटताना. आई म्हणते, "काहीही दाखवा, पण एकदा तरी त्याला काम करताना बघू दे." ऑनलाइन शोधलं तर जिथे तिथे तेच : लाल मखमली कोट, छातीवर पदकं आणि वर आपल्या कुत्र्याचं मुंडकं. हसू आलं, पण दुसऱ्या मिनिटाला विसरलेही.

कोणी असं चित्र करून घेतलंय का? चित्रकाराला नेमकं काय सांगायचं? फोटो कसे द्यायचे? बजेट चार-पाच हजार.

तर्रीबहाद्दर
यात विचार कसला करायचा? नाशिकचा कुत्रा आहे, मिसळ खायला आलेला दाखवा. रविवारची सकाळ, हॉटेलबाहेर ही गर्दी, फळ्यावर खडूने नाव : "ब्रुनो, ६ जण". साहेब प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टेबल कधी रिकामं होतंय ते बघतायत. आतल्याने तिसऱ्यांदा रस्सा मागवला की यांच्या कपाळावर आठ्या.

पुढचं चित्र : कॉलेज रोडला गाडी आडवी लावून टोइंगवाल्याशी हुज्जत. त्याच्या पुढचं : लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव टाकायचं राहिलं म्हणून पेन शोधतोय. मालिकाच काढा.

गोदाकाठची
फळा भारीय! पण ब्रुनो थांबून राहील हे घरात कोणालाच पटणार नाही. तो आत जाऊन बसलेला असेल.

पशुवैद्य_देवळाली
मिसळ चित्रात खुशाल द्या, ताटात देऊ नका. असे धागे वाचून लोक 'फोटोपुरता' एक घास भरवतात, म्हणून लिहितोय. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो की पावडर, फरक पडत नाही. लसणाचंही तेच. द्राक्षं आणि मनुका तर मूत्रपिंडावर जातात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा भरवसा नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोडक्यात आजारी पडतो. अलीकडे संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे. ते चिंचेतही असतं, तेव्हा भेळेचं पाणीही नको.

म्हणजे आपल्या जिल्ह्याचं नाव ज्या दोन पिकांवर चालतं, ती दोन्ही कुत्र्याला वर्ज्य. लासलगावही नाही, निफाडही नाही. बिचारा राहतो मात्र नाशिकला.

तर्रीबहाद्दर
डॉक्टर, मिसळीवरचा पापड तरी?

पशुवैद्य_देवळाली
पापड तुम्ही खा.

रंगवेडा_पंचवटी
ताई, मी अशी चित्रं करतो. इथे जाहिरात चालत नाही म्हणून नंबर देत नाही, पण चार गोष्टी सांगतो.

कल्पना बाहेरून आणू नका. पोळ्या लाटणारा लॅब्राडोर कोणाचाही असू शकतो. माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, 'राजा करा'. मी विचारतो, तुमचा कुत्रा राजासारखा वागतो का? "छे हो, झुरळाला घाबरतो." मग हातात झाडू घेऊन स्टुलावर चढलेला काढू की! घरी आलेला पाहुणा त्या चित्रापाशी थांबून विचारतो, हे काय? आणि घरचे सांगायला लागतात. मखमली कोटाबद्दल कोण काय सांगणार?

दुसरं, शरीर कुत्र्याचं ठेवायचं की माणसाचं, हे आधी ठरवा. या विनोदाची दोन घराणी आहेत. इंग्लंडचा एडविन लँडसिअर, लंडनच्या ट्रफाल्गर चौकातले सिंह ज्याने केले तो, त्याने १८४० मध्ये कुत्र्यांचं न्यायालय रंगवलं. मध्ये न्यायाधीश म्हणून पांढरा पूडल, पंजा उघड्या कायद्याच्या पुस्तकावर, भोवती इतर जातींचे कुत्रे. एकालाही कपडे नाहीत की कोणी दोन पायांवर उभा नाही. पूडलचे कुरळे लांब कान न्यायाधीशाच्या विगसारखे दिसतात, बस्स, तेवढ्यावर सगळा विनोद. दुसरं घराणं अमेरिकेच्या कॅसियस कूलिजचं. पोकर खेळणारे कुत्रे सगळ्यांनी पाहिलेत, कॅलेंडरवर नाहीतर सलूनमध्ये. ब्राउन अँड बिगेलो या कॅलेंडर छापणाऱ्या कंपनीने १९०३ मध्ये त्याला हे काम दिलं, सिगारच्या जाहिरातीसाठी. त्याचे कुत्रे सरळ माणसासारखे खुर्चीत बसतात, पाइप ओढतात. एका चित्रात तर बुलडॉग टेबलाखालून पंजाच्या बोटांत धरून जोडीदाराला एक्का सरकवतोय. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण २००५ मध्ये त्यातली दोन चित्रं न्यूयॉर्कच्या लिलावात ५,९०,४०० डॉलरला गेली.

मला विचाराल तर पहिलं घराणं अवघड, पण जास्त टिकतं. कुत्रा कुत्राच राहतो आणि तरी काम माणसाचं करतो. दुसऱ्यात मजा लगेच येते, पण हात आडवे येतात. कुत्र्याला अंगठा नसतो हो. कप धरायचा कसा?

तर आता सांगा, ब्रुनो दिवसभर करतो काय? गोडगोड नको. खोडी सांगा.

गोदाकाठची
दादा, मनापासून आभार. यादी देते.

कुकरच्या शिट्ट्या मोजतो. पहिल्या दोन शिट्ट्यांना हलत नाही, तिसरीला उठून ओट्याशी. पाहुणे आले की भुंकत नाही, त्यांची एक चप्पल उचलून आपल्या गादीखाली ठेवतो, म्हणजे माणूस लवकर जायला नको. आईची पूजा चालली की शेजारी बसून प्रसादाच्या वाटीकडे न बघितल्यासारखं करतो. आणि बाबा ड्युटीवरून आले की दारातच झडती. आधी बॅग, मग डबा, मग पॅन्टचे दोन्ही खिसे. डब्यात पोळीचा एक तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो, तो मिळेपर्यंत बाबांना आत सोडत नाही. आई म्हणते, "प्रेसच्या गेटावर एक झडती, घरच्या गेटावर दुसरी."

तर्रीबहाद्दर
ताई!!! चित्र मिळालं की तुम्हाला!

रंगवेडा_पंचवटी
मिळालं. आता पोळ्या लाटायचं नाव काढू नका.

मेनरोडची_मुलगी
+१. आणि चप्पल लपवणं हे दुसरं चित्र. ते भावाच्या सासरकडच्यांना द्या.

जावई_जेलरोड
झडतीच्या चित्रात टेबलावर नोटांच्या थप्प्या दाखवा, ब्रुनो थुंकी लावून मोजतोय. एकदम प्रेसचा फील.

गोदाकाठची
बाबांचे सगळे मित्र प्रेसमधले आहेत. नोट दिसली की त्यांचा विनोद संपतो आणि नोकरी सुरू होते.

वकील_सीबीएस
थुंकीचा मुद्दा बाजूला ठेवू. चलनी नोटेशी मिळतंजुळतं काही तयार करणं, छापणं यावर आपल्याकडे कायद्याने बंधन आहे. जुन्या दंड संहितेत त्यासाठी ४८९-ई हे स्वतंत्र कलम होतं आणि नव्या संहितेतही ती तरतूद आहे. भिंतीवरच्या कुत्र्याच्या चित्रासाठी कोणी दार ठोठावेल असं नाही, पण नोट प्रेसमधून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या निरोप समारंभाला हीच भेट कशाला?

तसंच झडती घेणाऱ्या ब्रुनोला सुरक्षा रक्षकाचा गणवेश घालणार असाल तर तो साधा खाकी ठेवा. कुठल्याही खऱ्या दलाचा बिल्ला, टोपीवरचं चिन्ह नको.

रंगवेडा_पंचवटी
वकीलसाहेब बरोबर बोलतायत. शिवाय चित्र म्हणूनही नोटा नकोतच. जप्त माल म्हणजे पोळीचा तुकडा, तोही टेबलावर मधोमध, शेजारी नोंदवही. नोटा आल्या की नजर नोटांवर जाते.

द्राक्षवाला_पिंपळगाव
धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे सोन्या म्हणून गावठी कुत्रा आहे, बागेतच वाढलेला. आम्ही मागच्या हंगामात त्याचं चित्र करून घेतलं, त्याचा किस्सा सांगतो.

द्राक्षाचा व्यापारी बागेत आला की काय करतो हे बागायतदारांना माहीत आहे. या ओळीतला, त्या ओळीतला एकेक मणी तोडतो, रस रिफ्रॅक्टोमीटरच्या (साखर मोजायच्या नळीच्या) काचेवर टाकतो, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघतो, 'हं' म्हणतो. त्या 'हं' वर आमचं वर्ष असतं. मग साखर कमी आहे, मण्याची फुगवण नाही, बाजार पडलाय, अशी रडगाणी सुरू. सोन्या त्या वेळी व्यापाऱ्याच्या बरोबर समोर बसतो आणि त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहतो. आमचे वडील म्हणायचे, या दोघांत जास्त खरं कोण बोलतंय ते मला कळतं.

चित्रात व्यापारी सोन्या आहे. डोक्याला उपरणं, एक डोळा मिटलेला, रिफ्रॅक्टोमीटर आभाळाकडे धरलेला. मागे वेलींची ओळ आणि कोपऱ्यात आमच्या वडिलांच्या पायजम्याचा घोळ आणि चपला तेवढ्या दिसतात. चित्रकाराने दोन दिवस नुसत्या पंजांवर घालवले. शेवटी दोन्ही पंजांच्या मध्ये नळी दाबून धरलीय असं केलं, कुत्रा हाडूक धरतो त्याच पद्धतीने. आता ते चित्र पॅकिंग शेडमध्ये लावलंय. गेल्या महिन्यात खरा व्यापारी आला, बघितलं, हसला आणि भाव तोच दिला.

पशुवैद्य_देवळाली
सोन्या बागेत पडलेले मणी खात नाही ना?

द्राक्षवाला_पिंपळगाव
नाही डॉक्टर. हुंगतो आणि सोडून देतो. त्याला बागेतल्या मजुरांच्या भाकरीत रस.

रंगवेडा_पंचवटी
पंजांचं उत्तर चित्रकाराने नामी काढलंय. कुत्र्याला जे धरता येतं तसंच धरायला लावायचं : दोन पंजांत दाबून, नाहीतर तोंडात. विल्यम वेगमन नावाचा अमेरिकन छायाचित्रकार वायमरानर कुत्र्यांना कपडे घालून मोठमोठे पोलरॉइड काढायचा. त्यालाही हीच अडचण. मग त्याने मागे माणूस उभा करून बाहीतून माणसाचेच हात बाहेर काढले. कुत्र्याचा गंभीर चेहरा आणि खाली माणसाची बोटं. बघताना अंगावर काटाही येतो आणि हसूही. चित्रात ते मला जमत नाही, दचकायला होतं.

तिवंध्याचे_आजोबा
भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत आहे तुमची. कुत्र्याला टोपी, कुत्र्याला नोंदवही. पाच हजारांत चार माणसांचा महिन्याचा किराणा येतो. हे सगळं बाहेरच्या लोकांचं थेर. आपल्याकडे कुत्रा दत्तगुरूंच्या पायाशी असतो, तेवढा मान पुरे आहे.

इतिहासखोर
आजोबा, किराण्याच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण थेर बाहेरचं नाही. महाबलीपुरमला सातव्या शतकातलं पल्लवांचं ते भलंमोठं कोरीव काम आहे ना, माणसं, देव, हत्ती, त्यात एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून पुढचे दोन्ही पंजे वर करून तपश्चर्या करतंय. तिथल्याच तपस्व्याची नक्कल. आणि आजूबाजूला उंदीर बिनधास्त. कोलकात्याच्या कालीघाटला एकोणिसाव्या शतकात पटचित्रं विकली जायची, त्यात कपाळावर वैष्णव टिळा आणि तोंडात कोळंबी पकडलेलं मांजर आहे. ढोंगी बुवांवर तो टोला होता. म्हणजे प्राण्याला माणसाचं काम देऊन माणसाची फिरकी घ्यायची, हे आपल्याकडे देवळाच्या दगडात आहे.

तिवंध्याचे_आजोबा
मांजराचं मान्य. मग कुत्रं काढायचंच तर नाशिकचं काढा. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारताना. पेशव्यांच्या काळापासून रहाडी आहेत गावात, वर्षभर बुजवलेल्या असतात, त्या दिवशी उघडतात. काठावर उभं राहून नाक धरून धप्पा मारायचा. कुत्र्याने नाक धरलेलं काढता येत असेल तर काढा.

रंगवेडा_पंचवटी
आजोबा, हे चित्र मी स्वतःसाठी करणार. पैसे न घेता.

पशुवैद्य_देवळाली
खऱ्या कुत्र्यांना रंग लावू नका, चाटून पोटात जातो. एवढं बोलून गप्प बसतो.

सी_विंग_इंदिरानगर
आमच्या सोसायटीचा कुत्रा विकत घेतलेला नाही, गेटवर आपला आपण आलेला. काळ्या. पालिकेने नसबंदी करून परत सोडला, त्याच्या कानाचं टोक कापलेलं आहे. सोसायटीच्या प्रत्येक सर्वसाधारण सभेला हजर. आम्ही माणसं गणपूर्तीसाठी फोन करून बोलवावी लागतात, हा वेळेआधी येऊन सतरंजीच्या कोपऱ्यावर बसतो. पाण्याच्या टँकरचा विषय निघाला की जांभई. पार्किंगचा निघाला की उठून निघून जातो.

तर आम्ही वर्गणी काढून त्याचं चित्र करायचं ठरवलं आणि तिथेच भांडण झालं. ए विंग म्हणे त्याला सेक्रेटरी दाखवा. सेक्रेटरी म्हणे, माझी चेष्टा आहे ही. बी विंग म्हणे वॉचमन दाखवा. वॉचमन म्हणाला, "साहेब, तो ड्युटीवर झोपतो, माझं नाव खराब होईल." हे सगळं सभेच्या इतिवृत्तात नोंदवलेलं आहे, खोटं वाटेल पण आहे. शेवटी सगळ्यांना पटेल असं एकच काम निघालं : सभासद. नुसता सभासद. मांडीवर हजेरीचं रजिस्टर, डोळ्यावर चष्मा, आणि चेहऱ्यावर तोच भाव, 'विषय क्रमांक सातला अजून किती वेळ?'

चित्रकाराने विचारलं, कान पूर्ण काढू का? कापलेलं टोक बरं दिसत नाही म्हणाला. आमच्या विंगमधल्या एका आजी म्हणाल्या, तसाच काढा, नाहीतर तो काळ्या नाही, कुठलाही काळा कुत्रा. कान तसाच आहे. ऑफिसात लावलंय. मेन्टेनन्स थकवणारे त्या चित्राला पाठ करून उभे राहतात.

मेनरोडची_मुलगी
इतिवृत्त वाचायला मिळेल का हो?

कोडर_अंबड
एवढा खटाटोप कशाला? मी आत्ता माझ्या बीगलचा फोटो टाकून एआयवर पाच सेकंदात काढलं, रांगेत उभा राहून तिकीट काढताना. फुकट.

सी_विंग_इंदिरानगर
टाका बघू इथे.

कोडर_अंबड
टाकलं. पण एक आहे, आमच्या रॉकीच्या नाकावर डावीकडे गुलाबी डाग आहे, तो गायब झाला. आणि बायको म्हणते हा रॉकी नाही, रॉकीचा कोणी हुशार चुलत भाऊ आहे.

रंगवेडा_पंचवटी
कल्पना चाचपायला एआय वापरा, मी नाही म्हणत नाही. गिऱ्हाईक असं कच्चं चित्र घेऊन आलं की माझाही वेळ वाचतो. फक्त त्यालाच चित्र समजू नका. त्याला 'बीगल' माहीत आहे, तुमचा रॉकी माहीत नाही.

विज्ञानवेडी_सातपूर
चेहऱ्याच्या भावाबद्दल दोन गोष्टी, चित्र काढून घेणाऱ्यांच्या कामाच्या. कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर भुवई उचलणारा एक स्नायू असतो. लांडग्यांत तो जवळपास नसतोच, असं २०१९ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या ज्युलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. 'काका, एक बिस्किट' असा जो चेहरा होतो तो त्या स्नायूमुळे. त्यांचा अंदाज असा की माणसाच्या सहवासात असे चेहरे करणारे कुत्रेच जास्त टिकले.

दुसरं, अपराधी चेहरा. चप्पल चावली की मान खाली, कान मागे, तो. अलेक्झांड्रा होरोविट्झने २००९ मध्ये प्रयोग केला. कुत्र्याने खरंच काही केलं होतं की नव्हतं याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध कमी निघाला. मालक रागावला की तो चेहरा येतो. म्हणजे चित्रात ब्रुनोला अपराधी दाखवायचा असेल तर समोर रागावलेलं माणूस सुचवायला हवं. झडतीत मात्र अपराधी बाबा आहेत, तेव्हा तो चेहरा बाबांना द्या.

गोदाकाठची
हे अफलातून! पण बाबांचा चेहरा चित्रात घ्यायचा की नाही यावर घरात दोन तट पडलेत. दादा, तुमचं मत?

रंगवेडा_पंचवटी
माझं मत नाही घ्यायचा. माणसाचा चेहरा आला की लोक आधी 'जमलाय का, नाक बरोबर आहे का' तेच बघतात, कुत्रा मागे पडतो. पिंपळगावच्या भाऊंच्या चित्रात पायजमा नि चपला पुरल्या. तुमच्या बाबांचा डबा कुठला? स्टीलचा, कडीचा असेल तर तोच हुबेहूब काढायला सांगा, झाकणाला पोचा असेल तर पोच्यासकट. आणि डबा पुढे करणारा हात, मनगटावर त्यांचं रोजचं घड्याळ. प्रेसमधले मित्र घड्याळावरून ओळखतील.

आता फोटोंचं सांगतो. जमिनीवर बसा किंवा पालथे पडा, मोबाइल ब्रुनोच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय बारके येतात. फार जवळ जाऊ नका, नाक फुगतं. दोन पावलं मागे जाऊन झूम करा. उजेड खिडकीचा किंवा सकाळच्या गॅलरीचा. फ्लॅश अजिबात नको, कुत्र्याच्या बुबुळामागे उजेड परतवणारा पडदा असतो, डोळे हिरवे चमकतात आणि भाव जातो. डोळ्यात खिडकीचा एक पांढरा ठिपका आला पाहिजे, तो नसेल तर डोळा भुशाने भरलेल्या प्राण्यासारखा दिसतो. फोटोसाठी टोपी-गणवेश घालू नका, तो चिडतो आणि आम्हाला चिडलेला कुत्रा मिळतो. कपडे आम्ही रंगाने घालतो. झडतीचा व्हिडिओ मात्र नक्की घ्या. डब्यात नाक घालताना कान कुठे जातात, शेपूट कोणत्या बाजूला झुकते, ते फोटोत सापडत नाही.

काळ्याच्या सोसायटीवाल्यांसाठी आणि काळे कुत्रे असणाऱ्या सगळ्यांसाठी : भर उन्हात फोटो काढू नका, अंग एकसंध काळा डाग येतं. ढगाळ दिवस उत्तम. चित्रकार काळा रंग ट्यूबमधून थेट लावत असेल तर दुसरा शोधा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी मिसळून जो गडद होतो त्यात केसांची चमक उतरते, पाठीवर आभाळाची निळी झाक येते.

जलरंगात केलं तर कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि फ्रेम करताना काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. आपल्या पावसाळ्यात चिकटलेल्या काचेआड बुरशी धरते. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नका, रंग उडतो.

जावई_जेलरोड
दर काय चाललाय सध्या?

द्राक्षवाला_पिंपळगाव
आमचं ए-३ आकाराचं, ॲक्रिलिकमध्ये. साडेचार हजार दिले, फ्रेम वेगळी. पंजांचे दोन दिवस धरले तर स्वस्तच म्हणायचं.

गोदाकाठची
ठरलं. झडती, जलरंग, चेहरा नाही, डबा पोच्यासकट. काल बाबा आले तेव्हा व्हिडिओ घेतला. त्यात नवीन एक दिसलं, जे इतक्या वर्षांत आमच्या लक्षात आलं नव्हतं. तुकडा मिळाल्यावर ब्रुनो एक पंजा बाबांच्या बुटावर ठेवून खातो, संपेपर्यंत. भाऊ म्हणतो, ही पोचपावती.

रंगवेडा_पंचवटी
पंजा बुटावर. खाली बाबांचे बूट घ्यायला सांगा. नोंदवही काढून टाका, आता गरज नाही.

तर्रीबहाद्दर
नोंदवही राहू द्या हो, मला आवडली होती.

मांजरवाली_सिडको
सगळा धागा वाचला. मांजरांसाठी कोणीच काही बोललं नाही, महाबलीपुरमचं सोडून. आमच्या चिंगीला कुठलं काम द्यावं?

रंगवेडा_पंचवटी
मांजर काम करतंय यावर बघणाऱ्याचा विश्वासच बसत नाही, हाच घोळ आहे. तिला काम तपासताना दाखवा. कोणीतरी फरशी पुसतंय आणि चिंगी कठड्यावरून बघतेय.

मांजरवाली_सिडको
ती तर रोज तेच करते. झोपलेली काढली तर फी निम्मी होईल का?

रंगवेडा_पंचवटी
नाही.